एक रविवार दोनदा

स्टेशन रोडला माझ्या दुकानाच्या काचेवर
चारच ओळी रंगवल्यात:
पुणे स्लीपर, हैदराबाद एसी, उमराह, चारधाम.
म्हणीत जर्मनी असली तरी
जर्मनीचं तिकीटसुद्धा परभणीत
अजून कुणी मागितलेलं नाही मला.

खिल्लारे सिस्टर आल्या त्या रविवारी, अकराच्या सुमारास.
सिव्हिलमधून रिटायर होऊन सतरा दिवस झालेल्या.
पिशवीतून शाळकरी नकाशा काढला, दहा रुपयेवाला,
नळकांड्यासारखा वळवला, दोन्ही कडा जुळवून
बोटानं दाबून धरल्या.
"इथं जायचंय."
जिथे बोट होतं तिथे नुसता निळा रंग
आणि छापताना उडालेले वाटावेत असे ठिपके,
निम्मे या कडेला, निम्मे त्या.

मग मी शोधत बसलो.
पहिला मुक्काम फिजी. विमानतळाचं नाव लिहितात नाडी,
वाचतात नांदी.
सिस्टरांनी सवयीनं स्वतःचंच मनगट धरलं,
"नाडी ठीकय. पुढं?"
पुढं तुवालू. विमानं मोजकीच.
विमान नसलं की संध्याकाळी
धावपट्टीवर पोरं व्हॉलीबॉल खेळतात.
"म्हणजे आपल्या मुक्कामी एस्टीसारखं," त्या म्हणाल्या,
"हुकली की झोपा फाट्यावर."
तिथून परत फिजी, कारण थेट काहीच नाही,
शेजारच्या बेटाला जायचं तर आधी उलटं जायचं.
मग सामोआ, आपिया.
व्हिसा कुठे लागत नाही, कुठे उतरल्यावर मिळतो,
कुठे परतीचं तिकीट दाखवा म्हणतात.
मी वहीत रेघा मारल्या, खोडल्या, पान फाडलं.

"सिस्टर, समुद्रच बघायचा तर
गणपतीपुळे..."
"समुद्र कोण म्हणालं?"

त्यांनी डायरी उघडली.
चौतीस वर्षांची रात्रपाळी, वॉर्डावार.
ड्युटीवरून येऊन पडदे ओढून
झोपेत गेलेले रविवार: आठशे एक्केचाळीस.
खाली दोन रेघा, एकूण मारतात तशा.
"सगळे नाही मागायले मी. एक दे काढून."

तेव्हा कळलं मला, ते बोट कशावर होतं.

आपियाहून पागो पागो पस्तीस मिनिटं,
इथून झिरो फाट्याला जायला लागतात तेवढीच.
मध्ये वाराची रेघ.
रविवारी दुपारी बसायचं, शनिवारी दुपारी उतरायचं,
रात्री झोपायचं, रात्रीच,
आणि उठलं की पुन्हा रविवार,
कोरा, न वापरलेला.

एक गोष्ट सांगावी की नाही कळेना.
सांगितली: परत येताना
एक वार कापला जातो, सिस्टर.
हिशोब तिथल्या तिथे फिटतो.
त्यांनी चष्मा पुसला.
"कापू दे. नळाचा दिवस सोडून
कुठलाबी कापू दे."

खर्चाचा आकडा मी तोंडानं नाही सांगितला,
कागदावर लिहून सरकवला.
बराच वेळ बघितला त्यांनी,
ताप बघतात तसा, उजेडाकडे धरून.
"हम्म," म्हणाल्या, "चढलाय. उतरंल."

त्याला सहा आठवडे झाले.
दर रविवारी येतात, भाडं विचारतात,
नव्या मार्गानं एक बेट गाळतात, एक घालतात,
धपाट्याचा डबा काउंटरवर उघडून.
आता अडलंय ते पागो पागोच्या परवान्यापाशी.
फॉर्मात एक रकाना आहे:
तिथे तुमच्या ओळखीचं कोण?
सिस्टरांच्या ओळखीची अर्धी परभणी,
त्यांच्या हातावर जन्मलेली,
पण त्या रकान्यात घालण्यासारखं कुणी नाही.

शेवटी मीच एका लॉजवाल्या बाईंना मेल टाकला,
मोडक्यातोडक्या इंग्रजीत,
की आमच्या एक सिस्टर आहेत,
त्यांना एक दिवस यायचंय. दोनदा.

आज विचारलं त्यांनी, "आलं का उत्तर?"
नाही अजून.
तिथे आत्ता शनिवारची संध्याकाळ आहे, सिस्टर.

"मग घाई कशाची," असं म्हणून
त्यांनी बाकावर पाय वर घेतले.